सात नंबरच्या काचेवरची सावली

१

चोरी झाल्यावर माणसं पोलिसांना बोलवायच्या आधी राजीनामा टाइप करून ठेवतात, तेव्हा खुशाल समजावं की चोर सापडावा अशी त्यांची फारशी इच्छा नाही. अ‍ॅडव्होकेट त्रिवेणी भालेराव यांचं हे मत कामगार कोर्टातल्या तीस वर्षांच्या वकिलीवर उभं होतं. हैदराबादच्या जामबागेतल्या हिम्मतराव संग्रहालयाच्या कचेरीत पाऊल टाकलं आणि ते आणखी पक्कं झालं.

टेबलाच्या एका बाजूला त्यांची भाची, इथे जुने लेख वाचण्याच्या कामावर असलेली अश्विनी, हाताची घडी घालून बसली होती. तिच्यासमोर दोन पानी करारनामा आणि वर एक पेन होतं. पेनाला तिने हात लावलेला नव्हता.

समोर ट्रस्टचे सेक्रेटरी युवराज बसले होते. ज्या हिम्मतरावांच्या नावाचं हे संग्रहालय, त्यांचे हे पणतू. कुकटपल्लीत त्यांचा काच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना होता आणि संग्रहालयही ते त्याच ढंगाने चालवत. शेजारी किल्ल्या सांभाळणाऱ्या माधवीबाई होत्या. खिडकीपाशी आरामखुर्चीत प्राध्यापक एकनाथराव होते, वय अठ्ठ्याहत्तर, संग्रहालयाचे मानद सल्लागार. त्यांच्या मांडीवरचे दोन्ही हात थरथरत होते.

"आंटी, बात सीधी आहे," युवराज म्हणाले. "सात नंबरचा पपायरस गायब आहे. त्याची काच अश्विनीच्या ड्रॉवरमध्ये सापडली. आम्हाला पोलीस-बिलीस नकोत. पाच वाजेपर्यंत तिने सही करावी, चूक कबूल करावी आणि इज्जतीत जावं. शेवटी तुमच्या लोकांना इथं आम्हीच चान्स दिला होता ना."

"चान्स नव्हे, नेमणूक," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "मुलाखत घेऊन, निवड करून केलेली. तिचं पत्र मी स्वतः वाचलंय."

त्रिवेणीबाईंनी करारनामा उचलला आणि उभ्याउभ्या वाचला. त्यात लिहिलं होतं की अश्विनी भालेराव निष्काळजीपणा कबूल करते, राजीनामा देते, आणि सात नंबरच्या पपायरसबद्दल यापुढे कुठेही काहीही लिहिणार नाही, बोलणार नाही. त्या शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडली. चोर म्हणून जिला हाकलायचं, तिच्या लिहिण्याची एवढी धास्ती कुणाला?

"काच बघू," त्या म्हणाल्या.

दोन काचा होत्या, वहीच्या पानाएवढ्या. पूर्वी त्या एकमेकींवर ठेवून कडांना कापडी पट्टी चिकटवलेली होती आणि मध्ये पपायरस होता. आता पट्टी कापलेली होती, कडेकडेने, एका दमात, काचेचा टवकासुद्धा न उडवता. त्रिवेणीबाईंनी बाहेरच्या बाजूवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. काच उलटी करून आतल्या बाजूवरून फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ निघालं.

अश्विनीने ते पाहिलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

"आत्या," ती म्हणाली, "आतून पुसलंय कुणीतरी."

२

दोघी अंगणातल्या बाकावर येऊन बसल्या.

"आता मला सगळं सांग, मी पहिलीत आहे असं समजून," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठोकून केलेला कागद. हिम्मतराव विलायतेच्या वाटेवर इजिप्तमध्ये उतरले होते, तिथे त्यांनी बारा तुकडे घेतले आणि बाराही काचेत बसवून हैदराबादला आणले. त्यातला सात नंबर नावाजलेला. चाळीस वर्षांपूर्वी एकनाथरावांनी त्यावर पुस्तक लिहून जगाला सांगितलं की हे एका बिशपचं आपल्या धर्मकन्येला लिहिलेलं पत्र आहे, सतराशे वर्षांपूर्वीचं.

"आणि नाहीये?"

"नक्को ना आत्या, कुठला बिशप? करार आहे तो." अश्विनीचा आवाज चढला. "ताएसिस नावाची एक बाई आपल्या पोरीला विणकराकडे काम शिकायला ठेवते. दोन वर्षं. जेवण त्याने द्यायचं, कपडा त्याने द्यायचा. आणि प्रभूच्या वारी पोरीकडून माग चालवून घ्यायचा नाही. समजलं? रविवारची सुट्टी. आधीच्या करारांत देवळांच्या जत्रांच्या सुट्ट्या असतात, इथं रविवार आलाय. म्हणजे हे लोक ख्रिस्ती झालेत. प्रवचन नाही, चमत्कार नाही. सुट्टी कधीची मागतात यावरून कळतं. सरांनी तीच ओळ वाचली आणि म्हणाले, बिशप उपदेश करतोय."

त्रिवेणीबाईंना हसू आलं. सुट्टीचं कलम त्यांनी जन्मभर भांडून मिळवलेलं होतं.

"मग हे सिद्ध का होत नाही?"

"कागदाची खालची पट्टी नाही ना. करार असेल तर शेवटी सही पाहिजे. सात नंबर खालून सरळ कापलेला आहे. सर म्हणतात, पत्र तिथंच संपतं. मी म्हणते, तिकडच्या दुकानदाराने कापला असेल, एकाचे दोन करून विकायला. उद्या बाहेरच्या देशातून तज्ज्ञ बाई येणारैत, त्या ठरवणार होत्या. आता ठरवायला काही उरलंच नाही."

"आणि काचेच्या आतलं काय पुसलं गेलं?"

"सावली," अश्विनी म्हणाली. "पपायरसमध्ये खार असतो. काचेत कोंडला की वर्षानुवर्षं तो काचेवर पांढुरका थर धरतो, अगदी कागदाच्या आकाराचा. कागद काढला तरी त्याची आकृती काचेवर राहते. आम्ही ती कधीच पुसत नाही, तोही पुरावा असतो. परवा चहाला मी सगळ्यांसमोर बोललेसुद्धा, की सात नंबरची सावली कागदापेक्षा दोन बोटं लांब आहे, ऐसा कैसा? फोटोत ती नीट येत नाही. तिरका उजेड पाडणारा दिवा तज्ज्ञ बाईच आणणार होत्या."

त्रिवेणीबाईंच्या डोक्यात बाहेरची धूळ आणि आतली स्वच्छ काच शेजारी शेजारी उभी होती. बोटांचे ठसे पुसणारा चोर बाहेरून पुसतो. हा चोर बाहेरचं बाहेर ठेवून आतलंच पुसून गेला होता.

"आत्या, सही करू का?" अश्विनीने हळूच विचारलं. "बाबांना बीपी आहे. पेपरात नाव आलं तर..."

"तुझ्या आजीने एकदा न वाचता अंगठा उठवला होता," त्रिवेणीबाई म्हणाल्या. विठाबाईंची, त्रिवेणीबाईंच्या आईची, गिरणीतली नोकरी त्या अंगठ्याने गेली होती, आणि मी वकील का झाले याचं एवढंच उत्तर त्या कुणालाही देत. "आपल्या घरातलं तेवढं बस झालं. पेनाला हात लावलास तर बघ."

३

युवराजांनी स्वतःहूनच तोंड उघडलं. नवं दालन होणार होतं, 'बिशप दालन', आणि त्यासाठी एक मोठा देणगीदार तयार होता.

"म्हणजे अश्विनीचं खरं ठरलं तर तुमचं दालन गेलं."

"हौ, माझंच नुकसान. पण कागद गायब झाला तरी दालन जातंच ना आंटी? दाखवू काय, रिकामी भिंत?" हे बिनतोड होतं आणि युवराजांना ते बिनतोड असल्याचं ठाऊक होतं.

"परवा चहाला अश्विनी काचेबद्दल काय म्हणाली, आठवतं?"

"डाग पडलेत म्हणाली. मी म्हटलं, माझ्या युनिटमधून नवी काच पाठवतो, एकदम क्लिअर. तर मॅडम माझ्यावरच चिडल्या."

माधवीबाई रडवेल्या झाल्या होत्या. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्यांची आणि एक अश्विनीची.

"पण तुमची किल्ली कुणी मागत नाही असं नाही ना?"

"युवराज सार पाहुणे आले की मागतात. एकनाथराव गारूंना तर मी रोजच देते. त्यांना नाही कसं म्हणणार मॅडम? ते नुसते बघत बसतात. त्यांचे हात बघितले ना तुम्ही, चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतात."

"गेटवर पिशव्या तपासतात?"

"सगळ्यांच्या. युवराज सारांचीसुद्धा. तो नियम त्यांच्याच आजोबांचा."

"आणि त्या काचेवरच्या डागांचं?"

"मी तर म्हटलं, ओल्या फडक्याने पुसून टाक ना अश्विनी. ती घाबरलीच. म्हणाली, हात लावायचा नाही."

एकनाथराव खिडकीपाशीच होते. त्यांनी त्रिवेणीबाईंना अदबीने बसायला सांगितलं आणि पानाचा डबा पुढे केला. मग हिम्मतरावांच्या प्रवासाची गोष्ट निघाली. बोटीचं नाव, कप्तानाचं नाव, बंदरावर उतरताना अंगावर होती त्या शेरवानीचा रंग, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. बोलता बोलता त्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली. पातळ, सारखे, पापुद्र्यासारखे काप त्यांच्या तळहातावर पडत गेले.

त्रिवेणीबाई त्या कापांकडे बघत राहिल्या.

"सर, परवा चहाला अश्विनी सात नंबरच्या काचेबद्दल काहीतरी म्हणाली होती."

"असेल, बाई," एकनाथराव म्हणाले. "माझ्या काही ध्यानात नाही. या वयात ध्यानात कुठं राहतं?"

त्यांनी अडकित्ता डब्यात ठेवला, आणि हात पुन्हा थरथरू लागले.

४

पाचाला थोडा अवकाश असताना त्रिवेणीबाईंनी सगळ्यांना कपाटांच्या खोलीत बोलावलं. युवराज करारनामा आणि पेन घेऊनच आले.

"सहीचं मग बघू," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, पपायरस विकायला न्यायचा असता तर तुम्ही तो काचेतून काढला असता?"

"कशाला?" युवराज म्हणाले. "काचेसकट नेला असता. असा नेला तर चुरा होईल."

"बरोबर. आणि गेटवर पिशवी तपासतात, म्हणजे काचेसकट नेणं जमणार नाही आणि काचेवाचून नेणं परवडणार नाही. तेव्हा कागद बाहेर गेलेलाच नाही, तो या इमारतीत आहे. मग चोराने काच उघडली कशाला? कारण त्याला कागद नकोच होता. त्याला काचेची आतली बाजू हवी होती. चोरी कागदाची नाहीच झाली युवराजभाऊ, सावलीची झालीय."

माधवीबाईंनी अश्विनीकडे पाहिलं. अश्विनीचे डोळे आत्यावर खिळले होते.

"ती सावली काय आहे हे अश्विनीला ठाऊक होतं. पण तिच्या बाजूचा तोच एक पुरावा होता, ती कशाला पुसेल? तुम्ही दोघं त्याला डाग समजलात. माधवीबाईंनी फडकं फिरवलं असतं तर आधी बाहेरची धूळ गेली असती. युवराजभाऊंनी नवी काच बसवली असती. डाग समजणारा माणूस आतलंच तेवढं पुसत नाही. ते पुसणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की सावली कागदापेक्षा लांब आहे म्हणजे काय आहे."

"म्हणजे काय आहे?" युवराज म्हणाले.

उत्तर अश्विनीने दिलं. तिला ते बोलता बोलताच उमगत गेलं. "म्हणजे काचेत बसवला तेव्हा कागद लांब होता. दुकानदाराने नाही कापला. तो... तो काचेत आल्यानंतर कापलाय. इथं. हैदराबादमध्ये."

एकनाथराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"पण मग पुसून परत काचेत का नाही ठेवला?" माधवीबाईंनी विचारलं.

"कापलेली जुनी कापडी पट्टी परत जुनी कशी होणार? उद्याच्या बाईंनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं की काच उघडलीय. त्यापेक्षा चोरी बरी. तीही अशा मुलीने केलेली, जिचं वाचन खोटं पडायला हवं होतं. म्हणून तर करारनाम्यात लिहिलंय की ती यापुढे काही लिहिणार नाही. ते कलम कुणी घालायला सांगितलं, युवराजभाऊ?"

युवराजांनी मान वळवून एकनाथरावांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला करारनामा खाली आला.

"सरांचे हात...," माधवीबाई पुटपुटल्या.

"सरांचे हात रिकामे असले की थरथरतात. हत्यार आलं की थांबतात. पानाचा डबा बघा."

"हे तर्क झाले, वकीलबाई," एकनाथराव शांतपणे म्हणाले. "पुरावा तर पुसला गेला, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे. सावली नाही, कागदाची खालची पट्टी नाही. काय दाखवणार तुम्ही उद्या?"

त्रिवेणीबाईंनी भाचीकडे पाहिलं. "अश्विनी, कोर्टात एखादा कागद नाहीसा करायचा असेल तर तो कुणी जाळत नाही. जाळल्याचा वास येतो. तो दुसऱ्याच्या फायलीला टाचून टाकतात. तुमच्या बारा काचांत अशी फाईल कुठली, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही?"

"बारा नंबर," अश्विनी म्हणाली. "अज्ञात तुकडे."

"तिला हात लावू नका," एकनाथराव म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं.

५

बारा नंबरची काच टेबलावर आली. आत किरकोळ तुकड्यांची गर्दी होती, नखाएवढे, चिमणीच्या पंखाएवढे. अश्विनीने मोबाइलचा टॉर्च लावून काचेच्या कडेशी आडवा धरला. प्रत्येक तुकड्याभोवती दाट पांढुरकी सावली उठली. फक्त खालच्या कोपऱ्यातल्या एका लांबट पट्टीभोवती ती अगदी फिकट होती.

"बाकीचे शंभर वर्षं इथं आहेत," ती म्हणाली. "ही पट्टी नंतर आलीय." तिने टॉर्च पट्टीच्या कडेकडेने सरकवला. "रुंदी बघ आत्या. सात नंबरचीच."

पट्टीवर दोन ओळी होत्या. अश्विनी कितीतरी वेळ काचेवर वाकून राहिली. मग तिने वाचलं, आधी ग्रीकमध्ये, मग आपल्या भाषेत.

"मी ताएसिस, कबूल आहे. हिला अक्षर येत नाही म्हणून हिच्यासाठी मी लिहिलं, होरिओन, देवळातला वाचक."

"देवळातला?" युवराजांनी विचारलं.

"चर्चमधला. पोथी वाचून दाखवणारा." ती सरळ झाली. "बिशप नाहीच, सर. वस्तीतला एक वाचता येणारा माणूस आहे. आणि शेजारची बाई त्याच्याकडे कागद घेऊन आलीय."

एकनाथराव खुर्चीत बसले. मग परत उठले, भिंतीकडच्या कपाटातून एक भलामोठा नकाशांचा ग्रंथ काढून आणला आणि मधोमध उघडला. दोन टिपकागदांच्या मध्ये सात नंबर निजलेला होता, एक तंतूही न हललेला. त्यांनी तो चिमट्याने उचलून पट्टीच्या वरच्या अंगाला काचेवर ठेवला. त्या वेळी त्यांचे हात अगदी स्थिर होते. वरच्या कागदातले आडवे-उभे धागे खालच्या पट्टीत तसेच उतरले.

"मी तरुण होतो," ते म्हणाले. "पट्टी वाचली आणि कळलं, हा बिशप नव्हे. सगळं जग मोठमोठं काही काढत होतं, आणि हैदराबादकडे काय, तर विणकराकडे ठेवलेल्या पोरीचा कागद. एका अडाणी बाईचा करार. बघायला कोण आलं असतं?"

"मी आले असते, सर," अश्विनी म्हणाली.

एकनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"फेकून का नाही दिली?" त्रिवेणीबाईंनी विचारलं.

"ते जमलं नाही," ते म्हणाले. "तेवढं जमलं नाही, बाई." त्रिवेणीबाईंना त्यांची दया आली, पण राग त्याहून मोठा होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "चाळीस वर्षं तुम्ही त्या बाईची कबुली कापून ठेवलीत," त्या म्हणाल्या, "आणि आज माझ्या पोरीची लिहून घ्यायला निघालात."

युवराजांनी घसा खाकरला. "देखो, गलतफहमी झाली. कागद मिळाला, सगळे खूश. सर बुजुर्ग आहेत. आपण सगळे मिळून एक छोटं पत्र करू, की काही घडलंच नव्हतं. अश्विनी, तुझी नोकरी पक्की. एक सही..."

"नाही," अश्विनी म्हणाली.

सकाळपासून ती एवढ्या जोरात बोलली नव्हती. माधवीबाई दचकल्या.

"घडलंय. सकाळी गेटवाल्यापासून सगळ्यांसमोर माझा ड्रॉवर उपसला, तेव्हा घडलं. उद्या त्याच सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं, काच कुणी उघडली आणि कागदाची पट्टी कुणी कापली. सरांनी स्वतः सांगायचं. आणि तज्ज्ञ बाईंना पट्टी मी दाखवणार. आणि बिशप दालन होणार नाही. तुमचा देणगीदार राहिला तर राहिला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी आहे," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "खोटा आळ, दबावाने घेतलेला राजीनामा. मला कामगार कोर्टाचा रस्ता पाठ आहे."

युवराजांनी त्या दोघींकडे पाहिलं, मग एकनाथरावांकडे. एकनाथरावांनी मान हलवली. "मी सांगेन," ते म्हणाले. "तिचं वाचन बरोबर आहे. ते मला तिच्याआधी ठाऊक होतं, हीच तर लाज आहे."

युवराजांनी करारनामा उभा फाडला आणि पेन टेबलावर टाकून बाहेर गेले.

सात नंबरच्या खणापुढे जुनी पाटी होती, 'बिशपचे पत्र'. अश्विनीने ती काढली. कोरा पुठ्ठा घेऊन तिने मार्करने इंग्रजीत झरझर लिहिलं, मग माधवीबाईंनी तेलुगूत सांगितलं ते लिहिलं, आणि मग ती थांबली.

"मराठीत पण लिहू? माझं अक्षर एकदम खराब आहे, आत्या. शाळेत मराठी नव्हतीच ना."

"लिही. चुकलं तर मी सांगते."

ती लिहू लागली. रेघ वरखाली गेली, एका जोडाक्षरावर अडली, पुन्हा चालू लागली. 'ताएसिस हिने मुलीला विणकाम शिकायला ठेवल्याचा करार. रविवारी काम नाही.' तिने पुठ्ठा लांब धरून बघितला.

"खाली वाचणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे," एकनाथराव दारातून म्हणाले. "कुणी वाचलं ते."

अश्विनीने टेबलावरचं पेन उचललं. सकाळपासून तिने हात न लावलेलं, तेच.

"सही कुठं करू, आत्या?"

त्रिवेणीबाईंनी पाटी आधी शांतपणे पूर्ण वाचली, वरपासून खालपर्यंत, कुठलंही कलम न सोडता. मग त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

"इथं," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव लिही."